बाजार समितीनं टेंडरात एकाच कंपनीचा डेटाबेस मागितला, तर स्पर्धा कायदा लागतो का?

प्रश्न विचारणारे अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. तिघा मित्रांची छोटी फर्म आहे, बाजार समित्या आणि सेवा सहकारी सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. शेजारच्या तालुक्यातल्या बाजार समितीनं आवक नोंद, काटापट्टी आणि सेस वसुलीच्या सॉफ्टवेअरसाठी निविदा काढली आहे. अटी अशा: डेटाबेस अमुक एका कंपनीचाच हवा, वार्षिक उलाढाल पाच कोटींची हवी, आणि हेच सॉफ्टवेअर किमान दहा बाजार समित्यांत चालू असावं. काम जुन्या ठेकेदारालाच द्यायचं ठरलंय, अशी गावात चर्चा आहे. त्यांचा प्रश्न आहे की स्पर्धा कायदा अशा सार्वजनिक संस्थेला लागतो का, आणि दिल्लीला स्पर्धा आयोगाकडे तक्रार करावी का.

आधी उत्तर सांगतो. कायदा लागतो. पण तो टेंडर लिहिणाऱ्यापेक्षा टेंडर भरणाऱ्यांना जास्त लागतो. नुसत्या अटींवर बोट ठेवून तुम्ही आयोगाकडे गेलात, तर बहुतेक हात हलवत परत याल. त्याच निविदेत दोघा-तिघांनी आपसात ठरवून दर भरले असतील आणि त्याचा पुरावा तुमच्या हाती असेल, तर मात्र तुमच्या तक्रारीत दम आहे.

मी गेली बावीस वर्षं विदर्भातल्या ग्रामपंचायती, पंचायत समित्या, बाजार समित्या आणि सोसायट्यांच्या खरेदीच्या फायली पाहतो आहे. आधी लेखापरीक्षणात होतो, आता वकिलीत आहे. पुढचं सगळं त्या अनुभवातून लिहितो.

स्पर्धा कायदा २००२ चा. त्यातली मुख्य दोन कलमं, म्हणजे संगनमताचं कलम ३ आणि वर्चस्वाच्या गैरवापराचं कलम ४, अमलात आली २० मे २००९ पासून. कलम ४ 'एंटरप्राइज'ला लागतं, आणि त्याची व्याख्या कलम २(ह) मध्ये आहे. ती एकदा शांतपणे वाचा. व्यक्ती किंवा 'शासनाचा विभाग' असे दोन्ही शब्द तिथे आहेत. उत्पादन, साठवण, पुरवठा, वितरण यांच्या रांगेत 'संपादन' हाही शब्द आहे, म्हणजे विकत घेणंही आलं. वगळलं आहे ते फक्त शासनाच्या सार्वभौम कामाला; त्यात केंद्राची अणुऊर्जा, चलन, संरक्षण आणि अंतराळ ही खाती नावानिशी दिली आहेत. त्यामुळे 'आम्ही सरकारी, आम्हाला हा कायदा नाही' असं कुणी छाती ठोकून सांगत असेल, तर ते चूक आहे. रेल्वेनं हा युक्तिवाद करून पाहिला. रेल्वे चालवणं हे सार्वभौम काम नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं. कोल इंडियानंही करून पाहिला. सर्वोच्च न्यायालयानं जून २०२३ मध्ये तो फेटाळला आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीला या कायद्यातून सूट नाही हे स्पष्ट केलं.

पण या दोघी विकणाऱ्या. तुमची बाजार समिती विकत घेणारी आहे, आणि खरी अडचण इथून सुरू होते.

युरोपात यावर एक गाजलेला निकाल आहे. स्पेनच्या सरकारी आरोग्य व्यवस्थेला वैद्यकीय साहित्य पुरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं, फेनिननं, तक्रार केली होती की ही व्यवस्था आमची बिलं वेळेत देत नाही, वर्चस्वाचा गैरवापर करते. युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ठरवलं की नुसती खरेदी पाहू नका, खरेदी कशासाठी केली ते पाहा. घेतलेला माल लोकांना फुकट उपचार देण्यासाठी वापरला जात असेल, तर तो धंदा नव्हे, आणि मग त्या खरेदीलाही स्पर्धेचे नियम लागत नाहीत. आपल्याकडे व्याख्येतच 'संपादन' शब्द असल्यामुळे दार जास्त उघडं आहे. हरियाणाच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदेबद्दल तक्रार आली, तेव्हा हे खातं एंटरप्राइजच नाही असं म्हणून आयोगानं ती बंद केली होती. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो आदेश रद्द केला. सडका आणि इमारती बांधून घेणारं खातंसुद्धा या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं, हे त्यातून पक्कं झालं.

तरीही, खरेदी कशासाठी हा प्रश्न मी आपल्याकडेही विचारतो, कारण उत्तरानं केसचं वजन बदलतं. ग्रामपंचायत घरपट्टीच्या आकारणीसाठी, नमुना ८ आणि ९ ठेवण्यासाठी सॉफ्टवेअर घेते, तेव्हा मागचं काम कर बसवण्याचं आहे. ते सार्वभौम कामाच्या अगदी जवळचं. बाजार समितीचं तसं नाही. ती काटा चालवते, ओटे आणि गाळे भाड्यानं देते, शेतमालाच्या व्यवहारावर फी घेते. सेवा देऊन पैसे घेणारी संस्था म्हणून ती एंटरप्राइज ठरण्याची शक्यता ग्रामपंचायतीपेक्षा बरीच जास्त. म्हणजे पहिली पायरी तुम्ही चढाल, असं मला वाटतं.

दुसऱ्या पायरीवर अडाल. कलम ४ साठी बाजार समिती 'वर्चस्व' असलेली हवी, आणि वर्चस्व कुठल्या बाजारात ते आधी ठरवावं लागतं. इथला बाजार तुरीचा किंवा कापसाचा नाही, तुमच्यासारखे लोक जे विकतात त्या सॉफ्टवेअरचा आहे. महाराष्ट्रात तीनशेच्या आसपास बाजार समित्या आहेत. त्यातली एक तुमच्याकडून घेत नाही, म्हणून तुमचा धंदा बंद पडत नाही. बाकीची दारं उघडी आहेत. कायद्याच्या भाषेत या एका समितीकडे खरेदीदार म्हणून वर्चस्व नाही. वर्चस्व नाही तर गैरवापराचा प्रश्नच येत नाही, कलम ४ तिथेच संपतं.

शिवाय आयोगाची भूमिका अनेक आदेशांत एकच राहिली आहे: निविदा काढणारा हा ग्राहक आहे, आपल्याला काय हवं ते ठरवण्याचा हक्क त्याचा आहे, आणि एखादी तांत्रिक अट काहींना गैरसोयीची आहे एवढ्यानं ती स्पर्धाविरोधी होत नाही. मला ही भूमिका तत्त्व म्हणून पटते. आपल्या घरी कोणता पंप बसवायचा हे दुकानदारानं ठरवू नये. पण सार्वजनिक संस्था स्वतःच्या खिशातून पैसे देत नाही, शेतमालावरच्या सेसमधून देते. तिच्या निवडीवर लगाम हवाच. तो लगाम दुसऱ्या कायद्यांत आहे, त्याकडे पुढे येतो.

वर्चस्वाचं गणित एका ठिकाणी मात्र पालटतं. एकच संस्था सगळ्यांसाठी एकत्र खरेदी करते तेव्हा. तुमच्या धंद्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे सेवा सहकारी सोसायट्या, तुमच्या डोळ्यांदेखत असाच बदलला. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे याच सोसायट्यांच्या, संगणकीकरणाचा २,५१६ कोटींचा प्रकल्प केंद्रानं जून २०२२ मध्ये मंजूर केला. ६३ हजार सोसायट्या, सगळ्यांना एकच सामाईक सॉफ्टवेअर, राबवणारी नाबार्ड. सोसायट्यांच्या दृष्टीनं यात मोठं भलं आहे. वर्षानुवर्षं न जुळणारे ताळेबंद एका साच्यात येतात. पण खरेदीदार एकच उरला की त्याच्या प्रत्येक अटीचं वजन शेकडो पटींनी वाढतं. उद्या राज्यातल्या साऱ्या बाजार समित्यांसाठी किंवा सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींसाठी कुणी एकच खरेदी केली आणि तिथे 'अमुकच कंपनीचा डेटाबेस' असं लिहिलं, तर कलम ४ चा प्रश्न तिथे खरोखर विचारण्यासारखा असेल. तालुक्याच्या एका समितीपाशी तो विचारून उपयोग नाही.

आता कलम ३. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कार्यालयात फाईल तपासत होतो. कोणती संस्था ते सांगत नाही. संगणक आणि सॉफ्टवेअरची खरेदी, रक्कम लहान, म्हणून निविदा न काढता तीन कोटेशनवर केलेली. तीन वेगळी लेटरहेडं, तीन वेगळ्या गावांची, शिक्केही वेगळे. पहिल्या पत्रात 'संगणक प्रनाली' असं लिहिलेलं, ण च्या जागी न. टायपिंगची चूक म्हणून पुढे गेलो. दुसऱ्या पत्रातही 'प्रनाली'. तिसऱ्यातही. मग तिन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. मजकुराच्या ओळी ओळींवर बसल्या, फक्त दराचे आकडे वेगळे. मी सचिवांना विचारलं. माणूस मनानं वाईट नव्हता. ते म्हणाले, "तीन पायजे होते, तीन आणले जी. आता यात काय चुकलं?" तिन्ही कोटेशनं त्यांना एकाच माणसानं आणून दिली होती. कमी दराचं त्याचं स्वतःचं, बाकीची दोन मित्रांची.

आपल्याकडे याला 'टेंडर मॅनेज करणं' म्हणतात आणि ते इतकं सवयीचं झालंय की करणाऱ्यालाही गुन्हेगार वाटत नाही. कायद्यात याला बोलीतलं संगनमत म्हणतात, कलम ३(३)(ड). इथे वर्चस्व सिद्ध करावं लागत नाही. फर्म केवढी मोठी हे पाहायचं कारण नाही. संगनमत दिसलं की स्पर्धेला बाधा आली असं कायदा धरूनच चालतो, आणि ती आली नाही हे दाखवण्याचं ओझं करणाऱ्यांवर जातं. दंड मोठा आहे: दरवर्षीच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत किंवा नफ्याच्या तिपटीपर्यंत, यातलं जे जास्त असेल ते. वर कलम ४८ प्रमाणे कंपनी चालवणारी माणसंही व्यक्तिशः सापडतात.

महाराष्ट्रातलंच उदाहरण देतो. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रियेच्या निविदांत संगनमत झाल्याबद्दल आयोगानं २०१८ मध्ये कंपन्यांना दंड केला. त्यातल्या एका प्रकरणात तक्रार घेऊन गेली होती नागरिक चेतना मंच ही पुण्यातली नागरिकांची संस्था, ठेकेदार नव्हे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरल्या गेल्याचं तपासात पुढे आलं, आणि मग काही कंपन्यांनी स्वतःहून कबुली देऊन दंडात सवलत घेतली. कलम ४६ मध्ये तशी सोय आहे. खेड्यातल्या माणसाला जास्त जवळचं प्रकरण धान्याच्या गोदामांचं. भारतीय अन्न महामंडळ धान्याला कीड लागू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या विकत घेतं. २००९ च्या निविदेत तीन कंपन्यांनी दर भरला ३८८ रुपये किलो. तिघींचाही रुपयाला रुपया तोच. महामंडळानं २०११ मध्ये आयोगाला कळवलं, २०१२ मध्ये दंड झाला, अपील न्यायाधिकरणानं दंड मोजण्याची पद्धत बदलून तो कमी केला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पद्धत मान्य केली, पण संगनमताचा निष्कर्षही कायम ठेवला. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशच्या कृषी खात्याच्या माती परीक्षणाच्या निविदांतही असंच निघालं.

सारखे दर दिसले की संगनमत झालंच, असं मात्र समजू नका. गॅस सिलिंडर बनवणाऱ्या कंपन्यांचे दरही सारखे होते. त्यांच्यावरचा दंड सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रद्द केला. गिऱ्हाईकं मोजून तीन तेल कंपन्या, त्या किती दरानं घेणार हे साऱ्यांना आधीच ठाऊक, अशा बाजारात दर आपोआप एका जागी येऊ शकतात, हे न्यायालयानं मान्य केलं. म्हणून मी नेहमी सांगतो, दराबरोबर दुसरं काही शोधा. अनामत रक्कम एकाच खात्यातून गेली का, दोन निविदांच्या पीडीएफवर बनवणाऱ्याचं नाव एकच आहे का, हरलेल्यानं नंतर जिंकलेल्याकडून पोटठेका घेतला का, दर वेळी पाळीपाळीनं वेगळा माणूस जिंकतो का. 'प्रनाली' सारखी एक चूक दहा आकड्यांपेक्षा जास्त बोलते.

२०२३ च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट बदलली. पूर्वी संगनमताचा ठपका एकाच धंद्यातल्या लोकांवर बसे. आता त्या धंद्यात नसलेला, पण मधे बसून सगळ्यांची मोट बांधणारा कुणी असेल, तर त्यालाही त्यात धरता येतं. निविदेचा मसुदा लिहून देणारा आणि मग 'तू इतके भर, तू तितके भर' असं सांगणारा सल्लागार माझ्या मते या तरतुदीत बसू शकतो.

आणि हे तुम्हाला स्वतःला सांगायचं आहे, भाऊ, मनापासून. तुम्ही तिघे नवीन आहात. आज ना उद्या कुणी ओळखीचा माणूस चहा पाजून म्हणेल, "नुसतं तुमचं लेटरहेड द्या, काम आम्हीच करतो, पुढच्या वेळी तुम्हाले पाहू." देऊ नका. तो कागद दिल्याक्षणी हा कायदा बाजार समितीच्या आधी तुम्हाला लागतो. पाच कोटींची उलाढाल तुमच्याकडे नसेल आणि निविदेत परवानगी असेल, तर दुसऱ्या मोठ्या फर्मबरोबर उघड भागीदारीत, दोघांची नावं लिहून, एकच निविदा भरा. त्यात काही गैर नाही. वेगवेगळे आहोत असं दाखवून आतून एक असणं, हे गैर.

मग तुमच्या तीन अटींचं काय? त्यांच्यावर इलाज आहे, फक्त तो आयोगाकडे नाही. बाजार समिती ही कायद्यानं स्थापन झालेली संस्था, तिला संविधानाचं समानतेचं कलम १४ लागतं. सार्वजनिक संस्थेनं काम देताना मनमानी करू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये रमण शेट्टी प्रकरणात सांगितलं. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालानं त्याची मर्यादाही आखून दिली: न्यायालय निर्णय बदलून देणार नाही, पण तो घेण्याची रीत मनमानी किंवा दुष्ट हेतूची होती का ते तपासेल. त्यासाठी आपल्याला उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे, दिल्ली गाठायची गरज नाही. राज्य शासनाच्या खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानं आलेली आहे. तुमची समिती खरेदीसाठी कोणते नियम पाळते ते लेखी विचारा. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्टार्टअपना पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटी शिथिल करता येतात. तो नियम बाजार समितीवर बंधनकारक नाही, पण 'केंद्र सरकार करतं ते तुम्ही का करत नाही' हा प्रश्न लेखी मांडला की उत्तर देणाऱ्याला विचार करावा लागतो.

पहिलं काम निविदापूर्व बैठकीच्या आधी करायचं. पत्रात 'अट अन्यायकारक आहे' असं लिहू नका, ते कुणीही लिहितो. अट जी गरज भागवण्यासाठी आहे ती गरज शब्दांत मांडा आणि पर्याय द्या: हंगामात दिवसाला अमुक इतक्या गाड्यांची नोंद व्हावी, वीज गेली तरी झालेली नोंद जाऊ नये, काट्याचं वजन माणसानं न टाकता थेट संगणकात यावं, एवढं जो डेटाबेस करील तो चालावा, आणि कंपनीच्या नावापुढे 'किंवा समतुल्य' हे शब्द घालावेत. केंद्र सरकारचं ई-शासनासाठीचं खुल्या मानकांचं धोरण २०१० चं आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ चं आहे, दोन्हींचा उल्लेख करा. दहा बाजार समित्यांच्या अटीबद्दल विचारा की दहाच का, दोन का नाही. पत्राची प्रत जिल्हा उपनिबंधकांना द्या. त्यांची पोच जपून ठेवा. उद्या उच्च न्यायालयात गेलात, तर पहिला प्रश्न येईल की तेव्हाच का बोलला नाहीत. आर्थिक लिफाफा, म्हणजे दरांचा लिफाफा, उघडल्यावर, आपण हरलो हे कळल्यावर अटींवर बोलणाऱ्याचं सहसा कुणी ऐकत नाही.

यापेक्षा जास्त मला बोलायचंय ते एका गोष्टीवर, आणि ती तुम्हाला विकणारे म्हणून ऐकायला कदाचित आवडणार नाही.

एका बाजार समितीचा करारनामा माझ्याकडे तपासायला आला होता. मुदत पाहिली, दंडाचं कलम पाहिलं, मुद्रांक पाहिला, योग्य आहे म्हणून सही केली. चौथ्या वर्षी, जानेवारीत, तुरीची आवक भरात असताना सकाळी संगणक उघडला तर पडद्यावर परवान्याची मुदत संपल्याचा संदेश. ठेकेदार म्हणाला, देखभालीचे नवे दर मान्य करा, मग चालू करतो. नवे दर दुपटीच्या वर. समितीनं म्हटलं, ठीक आहे, आम्ही दुसऱ्याकडून घेतो, आमची चार वर्षांची नोंद द्या. उत्तर आलं, "डेटाबेसचा पासवर्ड आमचा, तो मिळणार नाही." मला बोलावलं म्हणून मी गेलो. फाटकापासून सडकेपर्यंत ट्रॅक्टर आणि मेटाडोर लागलेले, आत मुनीम जाड लाल वहीत हातानं नावं लिहीत होता. ताडपत्रीवर तुरीच्या ढिगाशेजारी एक म्हातारा शेतकरी बसला होता, आदल्या संध्याकाळपासून. मला वाटलं रागावेल. तो फक्त म्हणाला, "माल तं इथंच हाय, पण माहा दिवस गेला ना जी." मी करारनामा पुन्हा काढून वाचला. नोंदी कुणाच्या मालकीच्या, यावर त्यात एक ओळ नव्हती. ती ओळ घालणं माझं काम होतं.

इथे स्पर्धा कायदा कुठे उभा राहतो? एकदा वस्तू घेतली की तिचे सुटे भाग आणि दुरुस्ती फक्त विकणाऱ्याकडेच मिळावी, यासाठी गिऱ्हाइकाला अडकवून ठेवणं, यावर आयोगानं २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता. प्रत्येक कंपनी स्वतःच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात वर्चस्व राखून आहे, असा तो विचार. सॉफ्टवेअरच्या देखभालीला तो तंतोतंत लागू करता येईल, असं मला वाटतं. पण प्रत्येक लहान ठेकेदाराबाबत आयोग एवढा अरुंद बाजार मान्य करील असं नाही. आणि वेळ पाहा. पुण्याच्या काही निविदा २०१३ च्या, आदेश २०१८ चा. तूर पाच वर्षं ओट्यावर थांबत नाही.

म्हणून आता मी ज्या ज्या संस्थेला सल्ला देतो, तिच्या निविदेतच लिहून घेतो: सर्व नोंदी समितीच्या मालकीच्या, दर महिन्याला त्यांची प्रत कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा साध्या सीएसव्ही स्वरूपात समितीच्या स्वतःच्या ड्राइव्हवर, डेटाबेसचा पासवर्ड बंद लिफाफ्यात सचिवांच्या तिजोरीत, करार संपला किंवा मोडला तरी पुढचे ९० दिवस ठेकेदारानं चालू सेवा द्यायची आणि नव्या माणसाला सगळं समजावून द्यायचं, आणि देखभालीचे पाच वर्षांचे दर आजच आर्थिक लिफाफ्यात भरायचे, मग पाचही वर्षांची बेरीज करून कमीत कमी कोण ते ठरवायचं. या शेवटच्या अटीनं बराच फरक पडतो. पहिल्या वर्षी अर्ध्या किमतीत शिरून नंतर मानेवर बसणारा माणूस त्या बेरजेत उघडा पडतो. तुम्ही स्वतःहून ह्या अटी मान्य आहेत असं पत्रात लिहा. जुन्या ठेकेदाराला त्या मान्य करणं जड जाईल, आणि संचालक मंडळापुढे तुमचं म्हणणं 'आम्हालाही घ्या' यापेक्षा वजनदार होईल.

तक्रारीचं म्हणाल, तर आत्ता नको. निविदा उघडल्यावर माहिती अधिकारात तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता, भरणाऱ्यांची नावं, अनामत रक्कम कुठून आली त्याची नोंद मागा. ३० दिवसांत मिळायला हवी. त्यात जुळवाजुळवीच्या खुणा दिसल्या, तर कलम १९ खाली आयोगाकडे कुणीही जाऊ शकतं, निविदा भरलेली असलीच पाहिजे असं नाही. २०२३ पासून त्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे घाईही नाही. बाजार समितीला स्वतःलाही जाता येईल. शेतमालाच्या बाजाराचं नियमन करण्यासाठी कायद्यानं स्थापन झालेली संस्था म्हणून 'वैधानिक प्राधिकरणा'च्या व्याख्येत ती बसते असं माझं मत आहे. सभापती किंवा सचिवांपैकी कुणाला ही गोष्ट मनापासून टोचत असेल, तर त्यांना हे दाखवा.

तुमच्या पत्रात निविदापूर्व बैठक पुढच्या आठवड्यात असल्याचं लिहिलं आहे. शंकांचा मसुदा त्याआधी मला पाठवा, वाचून दुरुस्त करून देतो. आणि लिफाफे उघडले की दरांचा तक्ता जसाच्या तसा, मूळ स्कॅन केलेल्या कागदांसकट पाठवा. टाइप करून नको. मला त्यातलं शुद्धलेखन पाहायचं आहे.